मार्थाचा तारा आणि माझी सही

फोन आला तेव्हा मी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. पलीकडून समीर, मार्थाचा मुलगा, म्हणाला, "मावशी, आई गेली. पहाटे." आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "अरे, पण अजून तारा लावायचाय!" माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी असं बोलतं का? पण मी बोलले खरी. समीर हमसून हमसून रडायला लागला. मी रडले नाही. मला राग आला होता. डिसेंबरचा पहिला रविवार तोंडावर आलेला आणि ही बाई खुशाल निघून गेली! तीन आठवडे झाले, राग अजून उतरलेला नाही. उतरूही नये असं मला वाटतं, कारण तो उतरला की मग नुसतं रडणंच उरेल.

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्था साळवे ही सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. मूळची उमरेडची, वडील तिकडे कोळशाच्या खाणीत होते. नागपुरात आमच्या जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिचं आणि माझं दार समोरासमोर. मी शाळेची मुख्याध्यापिका होते, त्यामुळे हळू बोलायची मला सवय नाही, आणि तिचं सगळं आयुष्य वॉर्डात गेल्यामुळे आवाज खाली कसा आणतात हेच तिला ठाऊक नव्हतं. आम्ही जिन्यात बोलायला लागलो की खालच्या मजल्यावरचे लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला, पण एकटी म्हणून कुणी कीव केली की ती भडकायची. "एकटी काहून? समोर कुंदा आहे ना भांडाले," म्हणायची. कुंदा म्हणजे मी.

डिसेंबरचा पहिला रविवार आला की चर्चमधून परतल्या परतल्या तिची हाक यायची, "कुंदे, ये वं, ट्रंक काढून राहिली मी!" मग नाताळसाठी समोरची खोली सजवायची. सोफा भिंतीला जायचा, टीव्हीवर चादर पडायची. दुकानातलं प्लास्टिकचं हिरवं झाड तिला मान्य नव्हतं. वाळू भरलेल्या बादलीत ती बाभळीची मोठी फांदी रोवायची आणि तिच्यावर सरकी न काढलेला कापूस पसरायची. काट्यांना तो आपोआप अडकतो, दोरा लागत नाही. "नागपुरात बर्फ कुठून आणू? आपला बर्फ हाच," असं म्हणत बोटाला टोचलेला काटा दातानं काढायची. रामटेककडे माझ्या भावाची धानाची शेती आहे, तिथून मी पोतंभर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आणायचे. ती पसरून कोपऱ्यात गोठा उभा राहायचा, मधे बाळ येशूची गव्हाणी. गोठ्यासमोर पितळी ताटात माती घालून गहू पेरायचे, अगदी आम्ही नवरात्रात घट बसवतो तसे, म्हणजे नाताळापर्यंत हिरवेगार कोंब. सगळ्यात शेवटी तारा. बांबूच्या कामट्यांचा, पतंगीचा लाल-पिवळा कागद लावलेला, आत बल्ब. तो गॅलरीच्या बाहेर, तुळईच्या हुकाला लटकायचा, चौकातूनसुद्धा दिसायचा. तिच्या वडिलांनी खोक्याच्या फळ्यांचं केलेलं एक स्टूल होतं, एक पाय आखूड. दुसरं स्टूल आणायचं नाही, हा तिचा हट्ट. ती वर चढायची, मी खाली ते धरून उभी. "नीट धर वं. तू हलली का मी मेली!" आणि मी हसू दाबत, घाबरत, दोन्ही हातांनी ते स्टूल आवळून धरायचे.

आता बैलाची गोष्ट. ती इथे राहायला आली त्या वर्षी सामान हलवताना गोठ्यातला प्लॅस्टरचा बैल फुटला. मरीया होती, योसेफ होता, मेंढपाळ होते, बैल नाही. ती कपाळाला हात लावून बसलेली. मी म्हटलं, थांब. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं लाकडी बैल सजवून मिरवतात. माझ्या मुलाचा, निखिलचाही होता, चाकांवर चालणारा. मी तो माळ्यावरून काढला, पुसला, आणि हाताच्या सवयीनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि तिच्या गोठ्यात नेऊन उभा केला. मार्थानं पाहिलं आणि हसता हसता खालीच बसली. "बाप्पा बाप्पा! योसेफ याच्या गुडघ्याले येऊन राहिला वं!" तोवर कुंकू माझ्या लक्षात आलं. मी पदरानं पुसायला गेले तर तिनं हात धरला. "राहू दे. पाहुणा आहे तो." चार दिवसांनी तिच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ भेटायला आले. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, गव्हाणीपाशी हे कुंकू कसं काय? मी ओशाळून दाराशी उभी. मार्था म्हणाली, "बैल हिंदू आहे, काका. समोरच्यांचा आहे. गोठ्यात घेताना विचाराचं असते का?" ते करंजी न खाता निघून गेले. तिनं दुसऱ्या दिवशी डबा भरून त्यांच्या घरी पोचवला. पण कुंकू काही पुसलं नाही. त्यानंतर दरवर्षी बैल पोळ्याला आमच्याकडे आणि नाताळात तिच्याकडे. मुलं मोठी झाली, बैल मात्र आपली दोन घरं सांभाळून होता.

इथपर्यंत लिहायला मला काही वाटलं नाही. पुढचं लिहायचं म्हणजे... पण लिहिते. चार वर्षांपूर्वी सोसायटीत नवीन कमिटी आली. दिवाळीचे आकाशकंदील उतरून जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि सेक्रेटरी एक कागद घेऊन माझ्याकडे आले. इमारतीच्या बाहेरच्या बाजूला कोणतीही धार्मिक सजावट लावू नये, असा ठराव. मी म्हटलं, मग आकाशकंदील? ते हसले. "मॅडम, ती तर आपली संस्कृती झाली. तुमची पहिली सही द्या. तुमची दिसली की बाकीचे करतात." मी कागद वाचला. न वाचता सही केली असं सांगायला मला फार आवडलं असतं, पण मी वाचला होता, आणि कागद कुणासाठी आहे हेही मला कळलं होतं. आतून ह्यांचा आवाज आला, "कशाला वाईटपणा घ्यायचा?" हा आमच्या घराचा कुलधर्मच. मी सही केली. आयुष्यभर पोरांना ताठ उभं राहायला सांगितलं आणि वेळ आली तेव्हा स्वतः वाकले.

कागद जिन्यातल्या फलकावर लागला. संध्याकाळी दारात मार्था. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते. ती म्हणाली, "पहिलीच सही तुई आहे वं." मी खाली पाहिलं. "अक्षर मोठं सुंदर आहे तुयं," ती म्हणाली. "आता बैल दे." बस, एवढंच. मी बैल आणून तिच्या हातात ठेवला. ती वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. "याचं कुंकू?" मी पहिल्यांदाच विसरले होते. देवघरातून करंडा आणला आणि घाईघाईत लावताना कुंकू बैलाच्या डोळ्यात गेलं. तिनं आपल्या बोटानं ते नीट केलं आणि निघून गेली.

त्या वर्षी तिनं जे केलं ते आमची इमारत विसरणार नाही. तारा खोलीच्या आत, खिडकीच्या मधोमध टांगला. खिडक्यांचे पडदे काढून धुवायला टाकले ते जानेवारीपर्यंत वाळलेच नाहीत. बल्ब दुप्पट मोठा. सेक्रेटरी विचारायला आले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाहेर लावू नका म्हणते तुमचा कागद. आत लावू नका असं लिहिलं आहे का? पडदा लावा असं लिहिलं आहे का?" आणि घराचं दार सताड उघडं ठेवलं ते एक तारखेपर्यंत. इमारतीतले सगळे पोट्टेपाट्टे तिच्या घरात, तोंडात करंजी, हातात कापूस. त्याच महिन्यात सेक्रेटरींच्या आईला रोज इंजेक्शन द्यायचं होतं. मार्था रोज सकाळी आठला वर जाऊन ते देऊन यायची. मी म्हटलं, तुला राग नाही येत? "लय येते," ती म्हणाली. "पण सुई वेगळी, तारा वेगळा."

मी माफी मागायचा एकदा प्रयत्न केला. ती फांदीवर कापूस लावत होती. "माफी ठेव तुयाजवळ. स्टूल धर," म्हणाली. मला वाटलं, मिटलं. चारही वर्षं डिसेंबरात तारा खिडकीच्या आतच राहिला आणि मी निर्लज्जासारखी स्टूल धरत राहिले. मागच्या वर्षी मात्र तारा लावून खाली उतरल्यावर ती बराच वेळ खिडकीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "चौकातून दिसत नाही वं आता. येणाऱ्याले घर सापडलं पाहिजे, म्हणून तर लावतात तो." मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून चहा टाकायला उठले. कागद फलकावर पिवळा पडत होता. तो काढून टाका असं सांगायला जिभेला काय झालं होतं माझ्या?

शेवटची भेट दवाखान्यात. पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलेलं, तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलेलं. हाताला सलाईन, तरी बाजूच्या नर्सला सुई कशी टोचायची ते शिकवत होती. मला जवळ बोलावलं. "यंदा तारा कुठं लावशील?" मी म्हटलं, तू घरी चल, मग बघू. "घरी मी नाही येत आता. मी विचारून राहिली, कुठं लावशील?" मी तिचं पांघरूण सारखं केलं. ती माझ्याकडे पाहत राहिली... शाळेत मी मुलांकडे पाहायचे तशी, उत्तर येतं की नाही ते पाहत. चार दिवसांनी ती गेली.

समीर सगळं आटोपून पुण्याला परतताना म्हणाला, "मावशी, घर जानेवारीत रिकामं करतो. तोवर किल्ली तुझ्याकडे. तुला काय हवं ते घे." मी आखूड पायाचं स्टूल उचललं. त्याला वाटलं, मावशीचं डोकं फिरलं. मी विचारलं, तारा लावू का? तो म्हणाला, "आईचंच घर आहे. लाव." मी त्याला सोडून परत येते तो जिन्यात सेक्रेटरी भेटले. चांगल्या शब्दांत दुखवटा व्यक्त केला. मग म्हणाले, "यंदा तिकडे अंधारच म्हणायचा." कदाचित वाईट अर्थानं म्हणाले नसतील. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात आले आणि कोरा कागद घेतला. लिहिलं : 'चार वर्षांपूर्वीच्या ठरावावरची माझी पहिली सही मी मागे घेत आहे. ती भीतीपोटी केली होती.' खाली सही केली. तीच, सुंदर अक्षरातली. आणि फलकावर जुन्या कागदावरच डकवून दिला. आता कमिटीनं हवी ती मीटिंग घ्यावी. मला बोलवावं, मी येणार आहे, आणि माझा आवाज किती मोठा आहे ते इमारतीला माहीत आहे.

पहिल्या रविवारी मी तिचं दार उघडलं. खोलीत अजून तिच्या फिनाइलचा वास. सोफा सरकवला, चादर टाकली, तणस पसरली, गहू पेरले. बाभळीची फांदी मिळवायला मला सकाळभर फिरावं लागलं आणि काटे तिला टोचायचे तसेच मलाही टोचले. बैलाला कुंकू लावलं, यंदा न विसरता. तारा घेऊन गॅलरीत गेले तेव्हा हे दारात उभे. "कशाला वाईट..." म्हणाले आणि मधेच थांबले. मग पुढे आले, वाकले आणि स्टूल दोन्ही हातांनी धरलं. मी वर चढले. सत्तरीला टेकलेली बाई, हात वर, हुक सापडेना. आणि तोंडातून आपसूक निघालं, "नीट धरा हो. तुम्ही हललात तर मी मेले!" तिथेच, त्या डगमगत्या स्टुलावर, तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला रडू आलं. हे खालून म्हणत होते, उतर, उतर. नाही उतरले. डोळ्यातल्या पाण्यातनं काही दिसत नव्हतं, तरी हुक शोधून काढला.

तारा बाहेर लागला आहे. रात्री मी मुद्दाम चौकापर्यंत चालत गेले. तिथून दिसतो, मार्था. थोडा डावीकडे कललाय, पण दिसतो. तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर इतकं उशिरा दिलं, एवढंच काय ते माझं दुःख.

हे छापून येईल तोवर गव्हाचे कोंब चार बोटं वर आले असतील. एक तारखेपर्यंत तिच्या घराचं दार उघडं आहे आणि मी आत बसलेली असते. कुणीही यावं. तारा उतरवायला ज्यांना यायचं आहे त्यांनीही यावं. करंजी मिळेल, चहा मिळेल. स्टूल मिळणार नाही.