बारा बाण आणि तात्यांची टाकी

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या सख्ख्या काकांच्या पाण्याच्या टाकीला बाण मारला. तेव्हापासून तात्या माझ्याशी बोलत नाहीत. (माझ्याबद्दल मात्र भरपूर बोलतात. बदलापूर गावात हा विषय निघाला नाही असा एकही कट्टा उरलेला नाही.)

काकांना बाण मारला म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, "जमिनीवरून का?" आमच्याकडे भाऊबंदकीत दुसरं कारण सहसा नसतंच, त्यामुळे विचारणाऱ्याचंही चूक नाही. पण जमिनीचा इथे काही संबंध नव्हता. सगळं झालं ते हरभऱ्याएवढ्या एका प्लास्टिकच्या टोपीपायी.

माझी मुलगी तन्वी धनुर्विद्या शिकते. आमच्या घराण्यात याआधी कुणी कशावर नेम धरल्याचं ऐकिवात नाही. भात लावला, मासे धरले, विटा पाडल्या, पण नेम नाही! आणि ही पोरगी अशी निघाली की एक दिवस हेंद्रेपाड्याच्या मैदानावर तिचा दुसरा बाण थेट पहिल्याच्या शेपटात घुसला. पहिल्याची काडी उभी फाटली. मी फाटलेली काडी घेऊन आठवडाभर गावात फिरलो आणि भेटेल त्याला दाखवली. तिचे सर मात्र म्हणाले, असे बाण फाटायला लागले तर परवडायचं नाही, आता नॉकची नवी सिस्टीम लावू.

नॉक म्हणजे बाणाच्या शेपटावरची खाच असलेली टोपी. ही खाच दोरीवर बसवायची आणि बाण ओढायचा. जुन्या पद्धतीत टोपी थेट काडीत खुपसलेली असते. नव्या पद्धतीत काडीत आधी धातूची बारीक पिन बसते आणि पिनेवर टोपी. मागून दुसरा बाण आदळला तर टोपी फुटते, काडी वाचते. बस्स, एवढंच. दहावी नापाससुद्धा समजू शकेल अशी गोष्ट. मी दहावी पास आहे, आयटीआयसुद्धा केलंय.

शुक्रवारी तन्वी बारा पिना आणि बारा टोप्यांची पुडी घेऊन घरी आली. रविवारी सकाळी जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी होती. दोन वर्षं पोरगी त्या एका सकाळसाठी राबत होती.

"पप्पा, याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी सर स्वतः एका बाणाला लावून ट्राय करणारेत. जमलं तर बाकीच्यांना, नाहीतर जुनेच नॉक."

"बरं."

"नुसतं बरं नको. माझ्याकडे बघून बोला."

"अगं, बरं म्हटलं ना!" मी पुडीकडे बघून म्हणालो.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत तेवीस वर्षं मेंटेनन्स फिटर आहे. ढिली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. गावदेवीच्या देवळातली घंटा फार डुलते म्हणून मी एकदा तिचा नट आवळला होता. (तीन दिवस घंटा वाजली नाही. पुजाऱ्याला वाटलं, देवी रुसली.)

शनिवारी तन्वी गणिताच्या क्लासला गेली आणि मी पुडी उघडली. मी फक्त बघणार होतो. एका काडीतली जुनी टोपी उपसून तिथे पिन घातली, पिनेवर नवी टोपी ठेवली आणि बोटाने हलवून पाहिली. टोपी फिरली! गोल गोल फिरली! दोरीवर खाच अडकवून पाहिली, तर जरा टिचकी मारताच बाण सुटून खाली पडला. जिल्ह्याच्या चाचणीला माझी लेक असला डुगडुगणारा माल घेऊन उभी राहणार? आणि घरात बाप फिटर?

मी स्कूटर काढली आणि थेट उल्हासनगर गाठलं. कॅम्प दोनमध्ये जगातली कुठलीही वस्तू चिकटवायचं सामान मिळतं.

दुकानातल्या शेठने विचारलं, "बोलो साईं, किस चीज पे लगाना है?"

"तीर पे."

शेठने काउंटरवरची कात्री हळूच आपल्याकडे ओढली. "साईं, कोई झगडा है तो बैठ के बात कर लो ना."

मी त्याला निवड चाचणीचं सांगितलं. मग तो खुलला. एक छोटी बाटली पुढे ठेवून म्हणाला, "ये ले जाओ. एक बार चिपका, तो जनम जनम का रिश्ता!"

घरी आलो तेव्हा रेखा, म्हणजे माझी बायको, ओटीवर बसून कानातल्यांना खडे चिकटवत होती. उल्हासनगरच्याच एका शेठचं हे काम ती नऊ वर्षं घरी बसून करते. दिवसाला शेकडो खडे! गोंदाचं सगळं ज्ञान असलेली बाई माझ्यापासून चार हातांवर बसली होती आणि तिला काही विचारावं असं माझ्या मनालाही शिवलं नाही.

"पोरीला विचारलंत का?" तिने मान वर न करता विचारलं.

"पोरीला फिटिंगमधलं काय कळतं?"

"आणि तुम्हाला बाणातलं?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. अर्ध्या तासात बाराच्या बारा पिना आणि टोप्या मी कायमच्या चिकटवल्या. मग दोरीवरची पकड. प्रत्येक टोपी चहाच्या गरम पाण्यात बुडवायची आणि पक्कडीने खाच दाबून अरुंद करायची. बाराव्या बाणापर्यंत माझा हात असा बसला की पहिल्या अकरांची मला लाज वाटली, म्हणून ते परत दाबले.

काम झालं की चाचणी घ्यायची, हा आमच्या कंपनीचा नियमच आहे. तन्वीचं धनुष्य जोडलं, परसात पेंढ्याचं पोतं उभं केलं आणि मी पवित्रा घेतला.

त्या दिवशी संध्याकाळी शेजारीच तात्यांच्या घरी त्यांच्या नितेशची हळद होती. आमच्या आगरी लोकांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. तात्यांच्या अंगणात मांडव पडला होता, मांडवात डीजेवाल्याने पुरुषभर उंच स्पीकर रचले होते, आणि पाहुण्यांसाठी दोन टँकर मागवून पाण्याची काळी टाकी काठोकाठ भरली होती. टाकी लोखंडी स्टँडवर, बरोबर मांडवाला लागून. मी धनुष्य घेतलेलं दिसताच मांडव घालणारी निम्मी माणसं कुंपणापाशी जमली.

"संत्या, कोनाला मारतंस रं?"

"कुणाला नाही. टेस्टिंग चाललंय."

मी ओढलं. सोडलं. दोरी फणकन वाजली, पण बाण काही गेला नाही! तो दोरीला धरून तसाच लोंबत राहिला. कुंपणावर हशा पिकला. माझी छाती मात्र फुगली. "बघा पकड!" मी म्हणालो. "इतका जोर लावला, पण सुटला नाही!"

(बाणाने सुटायचं असतं, ही बाब त्या क्षणी माझ्या लक्षात आली नाही, हे मी आता प्रांजळपणे कबूल करतो.)

"जोर कमी परला तुजा," कुंपणावरून कुणीतरी म्हणालं. तेवीस वर्षं नटबोल्टांवर पाने फिरवणाऱ्या माणसाला हे ऐकवतात का? मी दुसरा बाण लावला, दात आवळले आणि कानामागेपर्यंत ओढला.

या वेळी बाण सुटला. पण उशिरा सुटला आणि रागाने सुटला. शेपूट झटकत तो पेंढ्याच्या पोत्याला डावीकडे टाकून वर चढला, कुंपणावरच्या माणसांनी खाली घातलेल्या डोक्यांवरून गेला आणि 'टक्' असा आवाज झाला.

टाकीच्या बुडाशी बाण रुतला होता. कडेने पाण्याची बारीक धार चालू झाली.

"आगो माझे आये!" तात्या मांडवातून धावत आले. "टाकी फोरलीस? आजच? संत्या, बान काढू नको हां! हात लावशील तर बघ! बान हाय तवर पानी थांबलंय!"

तात्या सातवी शिकलेले, पण बोलले ते अगदी बरोबर. मला मात्र दुसरंच दिसत होतं. तन्वीचा बाण! तिच्या हातांच्या मापाने कापलेला, दुसऱ्या कुणाचा चालत नाही असा! चाचणी उद्यावर आलेली आणि बाण टाकीत! मी स्टँडवर चढलो आणि बाण उपसला.

धार निघाली ती सरळ स्पीकरांवर. डीजेवाला नेमका आवाज तपासत होता. आधी गाणं घोगरं झालं, मग बारीक झालं, मग 'फट्' झालं. त्यानंतर आमच्या आळीत जी शांतता पसरली, तशी मी जन्मात ऐकली नव्हती.

"बोट घाल!" तात्या ओरडले. "बोट घाल त्या भोकात!"

मी बोट घातलं. धार थांबली. आता मी स्टँडला लटकून, एक बोट टाकीत आणि एका हातात बाण, असा उभा राहिलो. खाली जावं तर धार. बोल्ट आणि वॉशर आणायला पाठवावं तर सगळे स्पीकर पुसण्यात गुंतलेले. पाहुणे यायला लागले. येणारा प्रत्येक जण आधी वर बघायचा, मग हात जोडायचा. मी बाणाचा हात वर करून सगळ्यांना नमस्कार करत होतो.

याच अवस्थेत असताना तन्वी क्लासहून आली. तिने आधी मला पाहिलं, मग हातातला बाण पाहिला, आणि सरळ घरात गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी डीजेवाल्यानेच बोल्ट आणून दिला. भोक बंद करून मी घरात गेलो. ती जमिनीवर बाण मांडून बसली होती आणि नखाने एकेक टोपी फिरवून बघत होती. एकही फिरत नव्हती.

"पप्पा, ही फिरायला पाहिजे असते," ती हळू आवाजात म्हणाली. "पिसं धनुष्याला लागू नयेत म्हणून जुळवून घ्यायची असते. आणि टिचकी मारली की दोरीतून सुटली पाहिजे. सगळ्या वेगवेगळ्या दिशेला चिकटल्यात. उद्या मला सहा तरी बाण लागतील."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवीस वर्षांत मी कंपनीचं एकही मशीन बंद पाडलं नव्हतं, आणि स्वतःच्या पोरीची दोन वर्षं मी एका दुपारीत जाम करून ठेवली होती. मी माफी मागायला तिच्यासमोर बसलो. शेवटी "चुकलो बाळा" एवढंच निघालं.

"सरका," मागून रेखा म्हणाली.

तिने गॅसवर कुकर ठेवला आणि शिट्टी काढली. वाफेचा झोत आला तशी तिने बाणाचं शेपूट त्यात अगदी क्षणभर धरलं, चिमट्याने पिन हलकेच पिळली, आणि पिन टोपीसकट बाहेर आली!

"अगं, हे कसं काय?"

"खडा वाकडा बसला की काढायचा कसा? नऊ वर्षं हेच करते मी. तुम्ही रोज त्याच ओटीवर बसून चहा पिता."

पिना ती काढत होती, तन्वी काड्या पुसून मी उपसलेले आणि तिने वेचून कंपासपेटीत ठेवलेले जुने नॉक परत बसवत होती. मला काम दिलं होतं कुकरमध्ये पाणी घालायचं. तिकडे तात्यांच्या मांडवात डीजे मुका झाल्यामुळे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण बाईंना कित्येक वर्षांनी पूर्ण धवला म्हणायला मिळाला, आणि म्हाताऱ्या बायका खूश होऊन हळद लावत होत्या. (हे मी तात्यांना नंतर पटवून देऊ पाहिलं. पटलं नाही.) अंधार पडायच्या आत नऊ बाण तयार झाले. दोन काड्या तडकल्या, आणि टाकीतला बाण तन्वीने हातातही घेतला नाही.

चाचणीला मला न्यायचं की नाही यावर मायलेकींची चर्चा झाली. खिसे तपासून मला नेण्यात आलं. तन्वी प्रत्येक बाण दोरीवर लावायची, टिचकी मारून बघायची, मगच ओढायची. मी मान खाली घालून बसलो होतो आणि फक्त आवाज ऐकत होतो. शेवटी रेखाने मला जोरात कोपर मारलं, तेव्हा कळलं की निवड झालेल्यांच्या यादीत तन्वीचं नाव चौथं आहे. मी सगळ्यांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

तेवढ्यात सर आले. "नऊ बाणांच्या चिकटलेल्या पिना एका संध्याकाळीत काढल्या म्हणे कुणीतरी? असा माणूस आम्हाला संघाबरोबर पाहिजे."

मी डोळे पुसले, शर्ट खाली ओढला आणि अंबरनाथच्या तेवीस वर्षांविषयी सांगायला सुरुवात केली. सरांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि रेखाकडे वळून विचारलं, "ताई, स्पर्धा तीन दिवसांची आहे, जमेल ना?"

संघ निघायच्या आदल्या दिवशी सरांचा पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. सोबत येणाऱ्यांची यादी होती. तन्वीची आई: साहित्य दुरुस्ती. तन्वीचे वडील: आले तरी चालेल, हात खिशात ठेवावेत.

मी तिन्ही दिवस ठेवले. जेवताना तेवढे सरांना विचारून बाहेर काढायचो.