भाऊजींना न मानवलेली हँडलं

सायकलच्या हँडलाशी एवढं भांडण केलेला माणूस आमच्या भाऊजींशिवाय सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी देवी टोचण्याची. मुक्काम वडूजला आणि फिरती आसपासच्या खेड्यांतून, तीही सायकलवर. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. रस्त्यात कुणाचीही सायकल दिसली की हे खाली उतरत, त्या अनोळखी माणसाचं हँडल दोन्ही हातांनी धरत, डोळे मिटत आणि अगदी वैद्याच्या सुरात विचारत, "मनगटाला काय म्हणतंय हे?" एका फौजदाराचंही हँडल त्यांनी असंच धरलं होतं. तो अटक करायच्या बेतात होता, पण पाच मिनिटांनी स्वतःचंच मनगट दाबत निघून गेला.

त्यांच्या सायकलचं मूळचं हँडल सरळ होतं. ते माणसाला हमालासारखं वाकवतं म्हणून गेलं. मग वर उचललेलं आलं. त्यावर हात ठेवले की देवळात निघाल्यासारखं वाटतं, म्हणून तेही गेलं. लढाईमुळे विलायती माल मिळेना, तेव्हा वडूजच्या लोहाराकडून लोखंडी नळी वाकवून घेतली. ती झाली खिलारी बैलाच्या शिंगांएवढी. त्या थाटात एका वाडीत शिरले तेव्हा पारावरची म्हातारी म्हणाली, "आवं डाक्टर, आवंदा बैलावर बसून आलासा व्हय?" भाऊजी उतरले आणि कोपर किती वाकावं हे तिला समजावत बसले. तेवढ्यात टोचून घ्यायला जमवलेली पोरं रानात पळाली. मुठींना रबर झालं, बूच झालं, ताईच्या जुन्या लुगड्याची पट्टी झाली, शेवटी वाळलेल्या दोडक्याची जाळीसुद्धा गुंडाळून झाली. जेवायला पाटावर बसले तरी एखादं सुटं हँडल मांडीवर असायचंच. ताई एकदा वाढता वाढता म्हणाली, "मला बघायला आला होतात तेव्हा एवढी पारख केली नव्हती." भाऊजी म्हणाले, "तेव्हा मनगटं चांगली होती." आम्ही ठसका लागेपर्यंत हसलो. लग्नाकार्यात मी त्यांची नक्कल करत असे, आणि लोक ती पुन्हा करायला लावत.

त्या वर्षी उन्हाळ्यात सांगलीला एका मिस्त्रीकडे जुना चांगला माल आहे असं त्यांना कळलं. ते वडूजहून साताऱ्याला माझ्या घरी आले आणि मलाही बरोबर घेऊन निघाले. मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी, चढ आला की धापा टाकणारी. भाऊजींच्या मांडीवर नमुन्यादाखल लोहाराचं ते हँडल. क्लीनरने विचारलं, "आवं, बाकीची सायकल कुठं हाय?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "ती ठीक आहे. तिला आणायचं कारण नाही."

मिस्त्री वयस्कर, मुसलमान, फार कमी बोलणारा. त्याने एकामागून एक चार हँडलं काढून दिली. भाऊजींनी प्रत्येक धरून बघितलं आणि "वाकडं आहे" म्हणून परत केलं. चौथ्या वेळी मिस्त्रीने हात फडक्याला पुसले, भाऊजींचा उजवा हात उचलून मुठीवर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिला.

"सायेब, हँडलं समदी शिद्दी हाईत. तुमची ही दोन बोटं उघडत न्हाईत. कवापासनं हाय ह्ये?"

भाऊजींनी हात ओढून घेतला आणि ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मिस्त्री मला हळूच म्हणाला, "मिरजंला दावा त्यास्नी. लय उशीर करू नगा."

आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. मी म्हणालो, "भाऊजी, म्हातारा काहीतरी बडबडतो." त्यांनी पिशवीतून देवीची टोचणी काढली आणि माझ्याकडे बघत स्वतःच्या करंगळीत खुपसली. रक्ताचा थेंब वर आला. मी दचकलो.

"टोचलं ते तुझ्या तोंडावरून कळलं मला," ते म्हणाले. "बोटाला काही कळत नाही. दिवाळीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर महारोग म्हणावं लागलं असतं. हँडल वाईट आहे म्हटलं की तुम्ही सगळे हसत होता. बरं वाटायचं." टोचणी पुसून पिशवीत ठेवत ते म्हणाले, "पोरांचे दंड मी धरत नाही हल्ली. त्यांच्या आयांनाच धरायला लावतो. पण आता राजीनामा लिहितो."

परत साताऱ्याला माझ्या घरी उतरलो. बायकोने चहा केला. भाऊजींचा पिऊन झालेला कप मी उचलला आणि बाकीच्या कपांत न ठेवता परसात, कोपऱ्यात, वेगळा ठेवला. बायकोला काही ठाऊकही नव्हतं. तो माझ्याच हाताने ठेवला. भाऊजींनी ते पाहिलं. सकाळी मी उठायच्या आत त्यांनी तो राखेने घासून परसाच्या भिंतीवर पालथा घातला होता आणि पहिल्या मोटारीने ते निघून गेले होते.

मिरजेच्या डॉक्टरांनी मिस्त्रीची शंका खरी ठरवली. गावाबाहेरच्या महारोग्यांच्या आश्रमात भाऊजींची सोय झाली. ताईने माझ्याकडे राहावं, भेटायलाही येऊ नये, अशी त्यांची सक्त ताकीद होती. ताई पंधरा दिवस राहिली. सोळाव्या दिवशी तिने ट्रंक भरली. मी पोचवायला गेलो. फाटकातच भाऊजी माझ्याकडे बोट दाखवून ओरडले, "याला अक्कल नाही, तुला तरी असावी!"

ताई ट्रंकेवर बसली. म्हणाली, "चालून दम लागलाय मला. आधी पाणी द्या, मग काय ते बोला."

भाऊजी उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं, आणि पाणी आणायला आत गेले. ताईने समोरच्या वस्तीत एक खोली घेतली ती कायमचीच.

पुढे मी वर्षा-सहा महिन्यांनी जाऊ लागलो. एकदा गेलो तेव्हा भाऊजी लिंबाखालच्या बाकावर बसले होते. दोन्ही हातांची बोटं आता मिटली होती. रोगावर कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शनं चालू होती आणि ती देणाऱ्या कंपाउंडरवर त्यांचा भयंकर राग होता. "याला टोचताच येत नाही रे! सुई अशी धरतो, जशी काही गोधडी शिवतोय. शेवटी मीच शिकवायला घेतलाय." मग त्या शिकवणीची गोष्ट सुरू झाली, हातवारे नाहीत, नुसत्या भुवयांनी. बाकावर त्यांचा उजवा हात माझ्या शेजारी पडलेला होता. मी त्यावर माझा हात ठेवला.

ते बोलतच राहिले. त्यांना कळलं नाही. समोर दोरीवर धोतर वाळत घालता घालता ताईने पाहिलं आणि ती पुन्हा पिळे झटकू लागली. कंपाउंडरची गोष्ट बरीच लांबली. ती संपेपर्यंत मी हात काढला नाही.