आत्याची काट्यांची परीक्षा

दहावीनंतर कोणी कुठं जावं हे ठरवण्याचा अधिकार अख्ख्या रायगड जिल्ह्यात दोघांनाच आहे, एक सरकारी संगणक आणि दुसरी माझी थळची आत्या. आणि त्यातला संगणक चुकतो. हे मत अर्थातच आत्याचं. ती स्वतः चौथीपर्यंत शिकली, जन्म अलिबागच्या बाजारात मासळी विकण्यात गेला, पण सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्सबद्दल तिच्याइतक्या ठामपणे बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

तिची पद्धत साधी. निकाल लागला की पोराला जेवायला बोलवायचं आणि ताटात भिंग वाढायचं. हा मासा चवीला अमृत, पण आत नुसते केसासारखे काटे. आत्या समोर बसून बघत राहते, स्वतः घासही खात नाही. एकेक काटा काढून ताटाच्या कडेला रचणारा सायन्सचा. मोठी तुकडी हेरून आधी ओढणारा कॉमर्सचा. गप्पांच्या नादात ज्याचा भात गार होतो, तो आर्ट्सचा. नियम एकच, आईने काटे काढून द्यायचे नाहीत. एका माउलीचा हात लेकाच्या ताटाकडे गेला, तर आत्या कडाडली, "बारावीच्या पेपराला पन तूच बसनार हायेस का गो?" माझ्या वेळी वडिलांनी मला सायन्सला घालायचा चंग बांधला होता. मी ताटावर बसून शाळेतल्या सरांच्या नकला करत राहिलो. आत्याने माझ्या भाताला बोट लावून पाहिलं आणि आपल्या भावाला सांगितलं, "दादा, पोऱ्या आर्टचा हाय. उगाच डोकं फोडून घेऊ नको." तो निकाल शंभर टक्के बरोबर ठरला. शेजारच्या गण्याला मात्र तिने कॉमर्सला घातलं आणि तो अकाउंट्समध्ये गटांगळ्या खात राहिला. खरं तर त्या दिवशी होडी ओढून तो भुकेला आला होता, एवढंच. आज तो न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. पण आत्या कसली हार मानते! "जगाचा माल त्याच्या गाडीवर हाय. कॉमर्स न्हाय तं काय हाय?"

गेल्या वर्षी तिची स्वतःची लेक दहावी झाली. आत्याचे यजमान गेल्यापासून घरात या दोघीच. लेकीला सायन्सला जायचं होतं, तेही पनवेलला, हॉस्टेलवर राहून. निकाल मे महिन्यात लागतो, तेव्हा होड्या समुद्रात असतात, म्हणून आत्याच्या सगळ्या परीक्षा मेमध्येच उरकतात. गावातली पोरं भिंग खाऊन गेली. लेकीच्या ताटात मात्र रोज पापलेट. मधला एकच मोठा काटा, त्यात कसली परीक्षा! जून उजाडला, मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, तशी आत्या निश्चिंत झाली. "आता बंदी हाय, भिंग कुटून आनू? अलिबागलाच शिक, काय वायट हाय?" लेक शांतपणे उठली आणि शेजारणीच्या फ्रीजरमधून भिंग घेऊन आली. तिने ते मेमध्येच आणून ठेवलं होतं. "बर्फातला मासा परीक्षेला चालत न्हाय," जन्मभर बर्फातले मासे विकलेली माझी आत्या म्हणाली. "आये, तुजीच परीक्षा हाय. रांध आनि वाढ."

मी तिथंच होतो. पोरगी ताटाच्या कडेला एकेक काटा रचत गेली. कुठंतरी चुकावी म्हणून आत्या डोळ्यांत तेल घालून बघत होती. पोरगी चुकली नाही. आत्या उठली, "सायन्स" म्हणाली आणि मागच्या दारी निघून गेली. मला आत्याचा फार अभिमान वाटला, आणि तिच्यासाठी तितकंच वाईटही वाटलं.

आता लेक शनिवारी येते आणि रविवारी जेवून पनवेलची एसटी पकडते. मागच्या रविवारी पाहतो तर लेकीचं ताट पुढ्यात ओढून आत्या स्वतः भिंगाचे काटे काढत होती. मी डिवचलं, "आत्या, आईने काटे काढायचे नाहीत ना?"

"तू गप रं आर्टवाल्या. पोरीची गाडी चुकंल."

पण हात कसले सावकाश चालले होते! बाजारात बोलता बोलता मासा साफ करणारी ती बाई एकेक काटा उजेडात धरून पाहत होती. शेवटचा काटा निघेपर्यंत पोरगी ताटावरून उठणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.