ही गाडी कोणाची हाये, माय?

भंडाऱ्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटरवर एक तुटकं हँडल ठेवलं. दाराची काच वर-खाली करायचं. म्हटलं, "अगदी असंच पाहिजे."

दुकानदाराने ते उलटसुलट करून पाहिलं. "गाडी कोणती, मॅडम?"

मी सांगितली. आरसी बुकातलं सालही सांगितलं. त्याने मान हलवली. "त्या सालच्या गाडीले हे हँडल येतच नाही."

"पण हे त्याच गाडीचं आहे. मी स्वतः काढून आणलं."

"गाडी त्या सालची असन जी," तो शांतपणे म्हणाला, "दार कोणत्या सालचं हाये?"

गाडीचं साल एक आणि दाराचं दुसरंच असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी लाखांदूर तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत गावाबाहेरचे रस्ते रस्ते राहत नाहीत. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, पाण्याने भरलेली शेतं, मध्ये गुडघाभर चिखल आणि पलीकडे कोणाची तरी अडलेली म्हैस. स्कूटर चिखलात सोडून, बॅग डोक्यावर घेऊन चालत जायची वेळ अनेकदा आली. शेवटी चारही चाकं ओढणारी एक जुनी गाडी घेतली. इंजिन धडधाकट होतं. आत मात्र सगळी दैना. ड्रायव्हरच्या सीटचा फोम बसून गेलेला, त्यामुळे मला स्टिअरिंगवरून जेमतेम रस्ता दिसायचा. छताचं कापड सुटून डोक्याला लागायचं. पायाखालचं रबर फाटलेलं आणि त्याखाली पत्र्याला भोक. डबक्यातून गेलं की चिखलाची पिचकारी सरळ साडीवर. गिअरच्या मुठीवरचे आकडे पार पुसले होते. कितवा गिअर पडला ते गाडी पुढे जाते की मागे, त्यावरून कळायचं.

गाडी अंगणात आणली त्या दिवशी बाबा पडवीत बसले होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. ते उठले, गाडीला एक फेरी मारली आणि दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. त्या खचलेल्या खड्ड्यात ते असे बसले की जणू तो त्यांच्याच मापाचा होता. डावा हात आपोआप गिअरवर गेला.

"आपली गाडी कुठी भेटली वं तुले?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, गंमत करताहेत. बाबा गोसीखुर्द धरणाच्या कामावर ड्रायव्हर होते. पाण्याखाली जाणाऱ्या गावांतली घरं मोजणाऱ्या साहेबांना गावोगाव न्यायचे. त्यांची जीप मला चांगली आठवते. कापडी छताची, दारं नसलेली. ह्या गाडीचा आणि तिचा काही संबंध नव्हता.

"ही वेगळी आहे, बाबा."

"वेगळी कशी?" ते म्हणाले आणि गिअरच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "हे आकडे माह्याच हातानं पुसले."

त्यांचं विसरणं वर्षभरापासून सुरू झालं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला नावही दिलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. कधी मला ते आत्या समजायचे, कधी जेवून उठल्यावर जेवायला वाढायला सांगायचे. पण गाडीत बसले की त्यांची तगमग थांबायची. दुपारी ते जाऊन बसायचे आणि मी शेजारी बसले की बोलायचे. कुठल्या नाल्यात जीप फसली, कोणत्या गावच्या पाटलाने बैलजोडी देऊन ती काढली, असं सगळं. मला हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. ऐकताना मी छताचं लोंबणारं कापड एका हाताने वर धरून ठेवायची.

पण मला तीच गाडी रोज चालवायची होती. पाठ धरायला लागली तेव्हा सुटीच्या दिवशी भंडाऱ्याला गेले आणि त्या हँडलच्या प्रश्नात अडकले.

दुकानदाराने मला सीटचं काम करणाऱ्या एका माणसाकडे पाठवलं. त्याने दाराचा आतला पुठ्ठा खोलला, डॅशबोर्डखाली टॉर्च मारली आणि डोकं खाजवत बाहेर आला. पुढचं डावं दार एका मॉडेलचं, उजवं दुसऱ्या. डॅशबोर्ड तिसऱ्याच गाडीचा, कापून बसवलेला. मागची सीट तर कोणत्या तरी काळीपिवळी टॅक्सीची असावी, असा त्याचा अंदाज.

"मॅडम, सांगा आता, ही गाडी कोणती समजून करू?"

मी काय सांगणार? आमच्याकडे जनावर आणलं की आम्ही जात विचारतो, वय विचारतो, मग औषध ठरवतो. इथे पुढचे पाय एका जातीचे, मागचे दुसऱ्या. "बसेल ते लाव," मी म्हटलं.

"बसन ते लावतो. पन दोन्ही दाराचे हँडल सारखे नाही दिसनार."

"चालेल."

त्यातही गोंधळ झालाच. ऑनलाइन मागवलेलं पायाखालचं रबर आलं ते उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीचं नव्हतंच. ते परत पाठवलं, तर दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच आलं. शेवटी त्या माणसाने मीटरवर मिळणारं जाड रबर कात्रीने कापून बसवलं. पत्र्याचं भोक आधी वेल्डिंग करून बुजवलं. सीटला नवा फोम, करड्या रंगाचं रेक्झिन, छताला नवं कापड, गिअरला चकचकीत मूठ आणि तिच्यावर पांढरे आकडे. गाडी घेऊन निघाले तेव्हा मला रस्ता पूर्ण दिसत होता. पवनीपर्यंत मी एकटीच हसत आले.

बाबा वाटच पाहत होते. दार उघडून ते बसले आणि थांबले. सीट उंच झाली होती, पाय नेहमीच्या जागी टेकेना. डाव्या हाताने मूठ धरली आणि चटका बसल्यासारखी सोडली. नव्या रेक्झिनचा वास त्यांनी नाकाने ओढून घेतला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ही गाडी कोणाची हाये, माय?"

"आपलीच, बाबा. नवीन सीट लावली फक्त."

ते खाली उतरले. दार अगदी जपून लावलं, दुसऱ्याच्या गाडीचं लावतात तसं. मग हात जोडून मला म्हणाले, "मी भाहेर थांबतो. साहेब आले का सांगाल तुम्ही."

बाबांनी 'तुम्ही' म्हटलेलं मला ते पहिलंच आठवतं. ते निंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले, बसले नाहीत. ड्युटीवरचा माणूस बसत नाही. मी पाणी नेलं तर त्यांनी ते घेतलं आणि म्हणाले, "तकलीफ घेतली तुम्ही." मला रडू येत होतं आणि आपलं नेमकं काय चुकलं तेही कळत नव्हतं.

माझे मिस्टर शाळेतून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुनं परत लावून पाहू."

"जुनं आहे कुठे?"

मी पुन्हा भंडाऱ्याला गेले. फोम कचऱ्यात गेला होता, पण गिअरची मूठ त्या माणसाच्या डब्यात पडलेली होती. अशाच चार-दोन मुठी त्या डब्यात होत्या, सगळ्याच झिजलेल्या. मला वाटली ती उचलली. ती आपलीच होती हे आजही मी छातीठोक सांगू शकत नाही. घरी येऊन ती बसवली आणि बाबांना आणलं. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"हे कुठलं लावलं?" त्यांनी विचारलं, आणि परत पडवीत जाऊन बसले.

मग मूठ चुकीची होती, की मुठीने काही फरक पडणारच नव्हता? नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "गाडीमुळे नाही हो. आजार आपल्या गतीने वाढतो. सीट बदलली नसती तरी हे झालंच असतं." मी बरं म्हटलं. पण आदल्या दिवशीपर्यंत त्यांना ती गाडी आपली वाटत होती आणि त्या दिवशी वाटेनाशी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा धरायच्या, ते मला जमलं नाही.

काही दिवसांनी धरणाच्या बाजूच्या एका गावाहून म्हशीसाठी फोन आला. मिस्टर परीक्षेच्या कामावर होते, बाबांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. "बाबा, येता का?" विचारलं. ते आत गेले, स्वच्छ शर्ट घालून आले आणि मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसले. पाठ ताठ, हात मांडीवर.

"चला," ते म्हणाले.

आरशात ते मला जीपमधल्या साहेबांसारखे दिसले. मग गाडी सुरू केली.

एका फाट्यावर मला उजवीकडे जायचं होतं. मागून आवाज आला, "डावीकडं घ्या." मी का घेतली, सांगता येत नाही. रस्ता चांगला डांबरी होता, दोन्हीकडे बाभळी. पुढे उतार लागला आणि उताराच्या तळाशी तो डांबरी रस्ता तसाच सरळ पाण्यात गेला. धरणाचं पाणी. लांबवर एका झाडाचा वाळलेला शेंडा वर आलेला. मी ब्रेक दाबला.

"काहून थांबले?" बाबा म्हणाले. "गाव पुढं हाये. एका बाईनं घर सारवून ठेवलं. मोजाले साहेब येनार म्हनून. आतमंदी पाय ठेवाची हिंमत नाही होये. मी चप्पल भाहेर काढली."

बाबा मोजणीला कधी आत जायचे नाहीत, जीपमध्येच थांबायचे, असंच आई सांगायची. मग हे घर त्यांनी पाहिलं होतं, की साहेबांकडून ऐकलं होतं? विचारायला मागे वळले तर ते पाण्याकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा माझ्याइतकाच गोंधळलेला होता.

काठावर जाळं सोडवत बसलेला एक ढिवर उठून आला. "रस्ता नाही जी इकडून."

बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गाव कुठी गेलं?"

"वरतं गेलं बाबाजी. नव्या वसाहतीत. लय वर्सं झाले."

"लोक बरे हायेत?"

"हायेत जी."

"अच्छा," बाबा म्हणाले आणि मागे टेकले. "मंग तिकडंच घ्या."

म्हैस त्याच वसाहतीत होती, सिमेंटच्या सरळ गल्लीतल्या एका घरी. मी तिला तपासलं, सलाइन लावलं. तोवर बाबा ओट्यावर खुर्चीत बसले आणि घरच्यांनी दिलेला चहा बशीत ओतून प्यायले. घरातल्या म्हातारीने त्यांना ओळखलं नाही, त्यांनीही तिला नाही. तरी दोघं धानाबद्दल, पावसाबद्दल बराच वेळ बोलले.

परतताना त्यांनी मागून विचारलं, "तुमचे वडील काय करतात?"

"ड्रायव्हर होते. धरणाच्या कामावर."

"चांगली नवकरी हाये," ते म्हणाले. "पन घरी ध्यान राहात नाही मानसाचं." थोड्या वेळाने आरशात पाहिलं तर ते झोपले होते.

आता मी फेरीवर निघाले की ते बहुतेक वेळा सोबत असतात, मागच्या सीटवर. रस्ते सांगतात. निम्मे बरोबर असतात. लोक विचारतात, "डॉक्टरबाई, साहेब कोन?" काही जणांना मी खरं सांगते, काही जणांना नुसतं हसून दाखवते. परवा बांध्यांमध्ये गाडी चांगलीच फसली, तेव्हा मागून त्यांनी, "क्लच हळू सोड, माय," असं सांगितलं. त्या वेळी मी कोण होते, लेक की ड्रायव्हर, ते मी विचारलं नाही. क्लच हळू सोडला आणि गाडी निघाली.