करपलेल्या चऱ्हाटाचा वास

परतूरच्या कॉलेजात आज मी बलं शिकवत होते. गुरुत्वाकर्षण कॉन्झर्व्हेटिव्ह, वस्तू वर चढवताना घातलेली सगळी ऊर्जा ती खाली येताना परत देतं. घर्षण परत देत नाही, त्यातली ऊर्जा उष्णता होऊन जाते. हे दाखवायला टेबलाच्या कडेवर सुतळी जोरात घासली, आणि त्या करपट वासासरशी मी टेंभुर्णीच्या आमच्या विहिरीवर पोचले.

उन्हाळ्यात गाळ काढणं चाललं होतं. काका तळाशी होते, काठावर आई चऱ्हाट ओढत होती. गाळानं भरलेलं लोखंडी टोपलं वर येता येता तिचा पाय घसरला. वर चढवलेलं सगळं आता काकांच्या डोक्यावर परत निघालं होतं.

"भाऊजी, सरका जल्दी!"

आईनं चऱ्हाट सोडलं नाही. ते तिच्या मुठीतून सरसरत, करपत गेलं आणि टोपलं काकांच्या डोक्याच्या हातभर वर थांबलं.

काका वर आले तसे सगळे त्यांच्याकडे धावले. आई मुठी मिटून उभी होती. "मला काही न्हाई झालं," म्हणाली.

"मॅडम, मंग घर्षणात गेलेली ऊर्जा वायाच की?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

पुस्तकात तसंच लिहिलंय. माझ्या तोंडून 'हो' निघेना.

आईच्या तळहाताला अजूनही तव्यावरच्या भाकरीचा चटका कळत नाही.