नळीतून पेज ओढताना

"याला ॲस्पिरेशन न्यूमोनिया झालाय," नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे पोटात जायचं दूध श्वासनळीतून फुप्फुसात उतरलं होतं. मग त्यांनी विचारलं, "दूध कसं पाजता?"

मी खरं ते सांगितलं. आमचा प्रमोद दीड वर्षाचा, जन्मापासून अंगानं सैल. पीत नसला की मी त्याला पायांवर आडवा घ्यायचो, नाक दाबायचो आणि बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्यानं, दूध ओतायचो. शिरड शहापूरला आमच्या घरची सगळी लेकरं अशीच वाढली. ठसका लागला तर पाठ थोपटून पुन्हा ओतायचो.

मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "गिळण्याचे स्नायू कमजोर आहेत. सध्या रायल्स ट्यूब राहील," त्या म्हणाल्या. ही नाकातून पोटापर्यंत घातलेली बारीक नळी. "ताप उतरला की ताठ बसवून स्ट्रॉनं दाट पेज द्या. हनुवटी खाली राहते आणि झेपेल तेवढंच तो ओढतो. स्वतः पिऊ लागला तर ट्यूब काढू. नाही तर ट्यूबसकट घरी जावं लागेल."

ताप उतरला. कोल्ड्रिंकच्या दुकानातून आणलेली स्ट्रॉ मी कापून आखूड केली. ती पेजेत बुडवायची, वरचं टोक बोटानं बंद करायचं, ओठांत द्यायची आणि बोट उचलायचं. जिभेवर थेंब उतरतो. प्रमोद थेंब घ्यायचा. पण स्ट्रॉ वाटीत ठेवली की ओढायच्या ऐवजी फुंकायचा. पेज माझ्या सदऱ्यावर.

शेजारच्या खाटेवर नातीला घेऊन आलेली डोंगरकड्याची मावशी म्हणाली, "भाऊ, तुमी लेकराला पाजून राहिले, का लेकरू तुमाला आंघोळ घालून राहिलं?"

माझी बायको शोभा कितीतरी दिवसांनी हसली.

मग मीच दुसरी स्ट्रॉ घेऊन त्याच्यासमोर पेज ओढू लागलो, गाल आत घेऊन.

"घ्या! आता बापच लेकरू झाला," मावशी म्हणाली.

प्रमोदनं माझी स्ट्रॉ हिसकावली आणि तोंडात धरली. मी तिचं दुसरं टोक वाटीत बुडवलं. त्याचे गाल आत गेले. पेज स्ट्रॉमधून वर चढताना दिसली. घोट खाली उतरला. शोभानं माझा दंड घट्ट धरला. ठसका आला नाही. त्यानं आणखी ओढलं.

पुढचे काही दिवस मॅडमनी स्वतः समोर बसून त्याचं पिणं पाहिलं आणि मग ट्यूब काढली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ज्यांच्या लेकराला पिताना सारखा ठसका लागतो, त्यांनी ते अंगावर काढू नये. डॉक्टरांकडून गिळणं तपासून घ्यावं आणि त्यांनी सांगितलं तरच स्ट्रॉ द्यावी. वेळ लागतो, पण लेकरू शिकतं, हे मी खात्रीनं सांगतो.

घरी आल्यावर एकदा प्रमोदनं अर्ध्यातच स्ट्रॉ जिभेनं बाहेर ढकलली.

"आजून लई राहिलंय की," शोभा म्हणाली.

"राहू दे. त्याचं झालंय," म्हणून मी वाटी बाजूला ठेवली.