अक्काला सांगायचं राहिलं

चनमल्लप्पा तीस वर्षं भवानी पेठेतल्या टॉवेल-चादरींच्या दुकानात विक्रीला होता. माल संपला असला तरी गिऱ्हाइकाला तो नाही म्हणायचा नाही. 'उद्या येतोय की' म्हणायचा. अशा माणसावर सुनेनं काम टाकलं ते नेमकं नाही म्हणायचं.

सातवा लागल्यावर त्याच्या बायकोनं, दाक्षायणीनं, डोहाळजेवणाचा विषय काढला. सून चंद्रिका खाली मान घालून म्हणाली, "जेवण होऊ द्या. पण मामा, कुणी काही आणायला नको. झबलं नको, टोपडं नको. बाळ येईपर्यंत त्याचं काहीच घरात नको."

का, ते कुणी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी याच घरात पाळण्यापासून वाळ्यांपर्यंत सगळं आलं होतं, आणि बाळ जन्मलं ते श्वासाशिवायच.

चनमल्लप्पानं फोनवर सांगायचं वाक्य कागदावर लिहून घेतलं : जेवायला अगत्यानं या, आशीर्वाद द्या, आहेर मात्र आणू नका. वाचून दाखवतानाही जीभ अडखळायची. एकानं विचारलं, "आमचं काही चुकलं का?" एक मावशी म्हणाली, "मग पाकीट चालंल की?" प्रत्येक फोननंतर तो घोटभर पाणी प्यायचा. अशी अठरा घरं झाली. राहिली सांगोल्याची थोरली बहीण, गंगम्मा. तिला त्यानं नुसतं जेवणाचं आवतण दिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. आज सांगू, उद्या सांगू करत चार दिवस गेले.

डोहाळजेवणाच्या दिवशी तो सकाळपासून शुक्रवार पेठेतल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभा. अकराच्या सुमारास रिक्षातून गंगम्मा उतरली. काखेत गाठोडं.

"काय आणलंस, अक्का?"

"दुपटं. माज्या जुन्या लुगड्यांचं. दोन महिनं झालं शिवतीया."

"घरात नेऊ नकोस."

तिचा चेहरा पडला. "भनीचं दुपटं जड झालं व्हय तुला?"

बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला. "मागल्या खेपेला तू दिलेलं दुपटं कुठं गेलं, कधी विचारलं नाहीस. त्यातच गुंडाळून मी बाळाला नेलं, अक्का. मातीत ठेवलं. चंद्रिकाला ठाऊक आहे."

गंगम्मा पदरानं तोंड पुसत म्हणाली, "हे फोनवर सांगायचं की रं. मी येवढी कडू हाय का?"

समोरच्या जुलेखाबींच्या घरी गाठोडं ठेवून ती रिकाम्या हातानं आत गेली. घरातलेच तांदूळ-नारळ घेऊन तिनं चंद्रिकाची ओटी भरली. चंद्रिकानं तिच्या हातांकडे एकदा बघितलं आणि मग सावकाश, पोटभर जेवली. चनमल्लप्पाचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला. अजून दोन महिने जायचे होते. संध्याकाळी गंगम्मा गाठोडं घेऊन सांगोल्याला परतली.

ते दोन महिने त्यानं दिवस मोजत काढले. बाळंतपणाच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तो तीन तास उभाच होता. मुलगी झाल्याचं कळल्यावर त्यानं पहिला फोन सांगोल्याला लावला.

"चनमल्ल, बाळ रडलं का?" तिकडून गंगम्मानं विचारलं.

"रडतंय अजून," तो म्हणाला, आणि फोन बाळंतिणीच्या खोलीच्या दाराच्या फटीशी धरला.